लंडनमधला एक मोकळा शुक्रवार : सातारकर कुटुंबाने तो कसा घालवावा?

माचीपेठकर (सातारा)
१२ एप्रिल

नमस्कार. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, आठवीत जाणारी मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई, एका सहल कंपनीबरोबर युरोपच्या सहलीला निघत आहोत. सहलीचा शेवट लंडनमध्ये आहे. तिथला पहिला दिवस बसमधून बिग बेन, बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज आणि लंडन आय दाखवण्यात जाईल. त्यानंतरचा शुक्रवार कार्यक्रमपत्रिकेत ‘मोकळा दिवस’ म्हणून दिलेला आहे. त्या दिवशी ज्यांना हवे त्यांना शहराबाहेरच्या एका मोठ्या खरेदी संकुलात नेणार आहेत आणि गटातले बहुतेक लोक तिकडे जातील असे दिसते. आम्ही जाणार नाही, एवढे मात्र घरात एकमताने ठरले आहे.

प्रश्न असा आहे की तो दिवस रमतगमत, कोणाचीही दमछाक न होता कसा घालवावा. तीन वर्षांपूर्वी आम्ही सिंगापूरला गेलो होतो. तिथेही असाच एक दिवस मोकळा मिळाला आणि मी उत्साहाच्या भरात सात ठिकाणांची यादी करून सगळ्यांना घेऊन निघालो. चौथ्या ठिकाणी आई एका पायरीवर बसली आणि म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते.” ती रागावली नव्हती, तरी ते वाक्य मला अजून टोचते. तिचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण तास चालू शकते, पण जिने तिला नकोसे होतात. तिने तीस वर्षे प्राथमिक शाळेत, त्यातली निम्मी चौथीच्या वर्गाला शिकवण्यात घालवली आहेत, त्यामुळे इतिहासाचा विषय निघाला की तिचा चेहरा खुलतो. मुलीला चित्रे काढायला आवडतात.

आमचा मुक्काम हॅमरस्मिथ भागात आहे. इंग्रजी आम्हाला वाचता येते, बोलताना थोडे अडखळायला होते. आम्ही शाकाहारी आहोत. ज्यांनी ते शहर सावकाश पाहिले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कृष्णाकाठ (सांगली)
१२ एप्रिल

माझा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असल्याने आम्ही दोघे दोन वेळा मिळून जवळपास चार महिने लंडनमध्ये राहिलो. पहिल्या महिन्यात मीही यादी घेऊन फिरलो. नंतर ती बाजूला ठेवली आणि मगच ते शहर मला आवडू लागले. माझा सल्ला एवढाच आहे की दिवसातून एकच भाग निवडावा, आणि तो नदीचा निवडावा.

वेस्टमिन्स्टर पुलापासून टेम्सच्या दक्षिण काठाने टेट मॉडर्नपर्यंत गेलात तर अंतर दोन-अडीच किलोमीटर भरते. रस्ता सपाट आहे, वाहने नाहीत आणि ठिकठिकाणी बाके आहेत. वाटेत वॉटर्लू पुलाच्या खाली जुन्या पुस्तकांची टेबले मांडलेली असतात. पुलाच्या सावलीत असल्यामुळे पावसाची भुरभुर आली तरी तिथे निवांत उभे राहता येते. टेट मॉडर्न ही पूर्वीची वीज निर्मितीची इमारत आहे. २००० साली ती कलादालन म्हणून खुली झाली आणि कायमच्या संग्रहाला प्रवेश विनामूल्य आहे. तुमची मुलगी वही घेऊन तिथे दोन तास सहज बसेल.

परंतु मी नदी सुचवतो आहे ती वेगळ्याच कारणासाठी. आम्ही सांगलीचे लोक नदीकडे बघताना आधी पाणी किती आहे ते पाहतो. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी आहे हे विचारल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नाही, आणि २०१९ नंतर तर त्या आकड्याकडे पाहण्याची नजरच बदलली. त्यामुळे लंडनला पहिल्या दिवशी सकाळी मी जी नदी पाहिली, तीच संध्याकाळी चार-पाच मीटर चढलेली पाहून मी अक्षरशः घाबरलो होतो. मुलाने सांगितले की हा पूर नव्हे, ही भरती आहे. समुद्र साठ-सत्तर किलोमीटर लांब असूनही टेम्सला शहरात भरती-ओहोटी येते, आणि मोठ्या भरतीच्या वेळी लंडन पुलाजवळ पाणी सात मीटरपर्यंत वर-खाली होते. भरतीचा जोर वर टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतो. ओहोटीच्या वेळी काठाच्या भिंतीखाली दगडगोटे, विटांचे तुकडे आणि वाळूचा पट्टा उघडा पडतो. सहा तासांनी तिथे काहीच दिसत नाही, पाणी थेट भिंतीला लागलेले असते. भरतीचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा, ओहोटीच्या सुमारास काठावर पोचा आणि एकाच बाकावर तास-दोन तास बसा. (खालच्या पट्ट्यातून काही उचलू मात्र नका. तिथे वस्तू शोधायला नदी प्राधिकरणाचा परवाना लागतो.)

जेवणाची चिंता करू नका. दुकानांतल्या सँडविचच्या पाकिटांवर शाकाहारी असल्यास तसे स्पष्ट छापलेले असते, आणि भाजलेला बटाटा व त्यावर चीज किंवा वाल हा पदार्थ अनेक ठिकाणी मिळतो.

विश्रामबागची ताई (सांगली)
१३ एप्रिल

काकांनी नदीविषयी लिहिले ते अगदी पटले. मी सासूबाईंना घेऊन गेले होते आणि त्यांच्याही गुडघ्यांचा त्रास होता, म्हणून ज्या गोष्टींचा प्रत्यक्ष उपयोग झाला तेवढ्याच सांगते.

भुयारी रेल्वे मुलीला एकदा अवश्य दाखवा. १८६३ साली सुरू झालेली ती जगातली पहिली भुयारी रेल्वे आहे. पण आईंसाठी दिवसभर बसच वापरा. लंडनच्या सगळ्या शहर बस खालच्या पायरीच्या आहेत, थांब्याला अगदी लागून थांबतात आणि पुढच्या जागा वयस्कर माणसांसाठी राखीव असतात. जुन्या भुयारी स्थानकांमध्ये सरकते जिने संपले तरी मध्येच पंधरा-वीस पायऱ्या निघतात आणि त्या आधी कळत नाहीत. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कार्ड यंत्राला टेकवायचे, आणि तेही फक्त चढताना. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना व बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवावे लागते. प्रत्येक मोठ्या माणसाचे कार्ड वेगळे हवे, एकाच कार्डावर तिघे जाऊ शकत नाहीत. बँकेत जाऊन परदेशातल्या वापरासाठी कार्ड सुरू करून घ्या, नाहीतर ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे तिथले प्रवासाचे कार्ड, घ्या. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत दुसरी बस धरली तर तिचे वेगळे भाडे पडत नाही, आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे.

तुमचा मुक्काम हॅमरस्मिथला आहे हे फार सोयीचे आहे, कारण तिथून नऊ क्रमांकाची बस निघते आणि रॉयल अल्बर्ट हॉल, हाइड पार्क कॉर्नर, पिकॅडिली अशी फिरत ट्रफाल्गर चौकात पोचते. तिथून पंधरा क्रमांकाची बस सेंट पॉल चर्चवरून टॉवरकडे जाते. या दोन बसमधून नुसते बसून गेलात तरी निम्मे शहर पाहून होते. मुलीला वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसू द्या, आईंबरोबर एकाने खाली बसावे.

स्वच्छतागृहासाठी संग्रहालयात शिरा. मोठ्या संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य आहे आणि आत बसायलाही जागा असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिकडच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे डायनासोरच्या सांगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्या दिवसांत फार गर्दी होते. तिकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बरोबर भडंग न्या. दुपारी चारला भूक लागते तेव्हा त्यासारखे काही नाही. कंदी पेढे मात्र नेऊ नका. दुधाचे पदार्थ प्रवाशांना ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. आमच्यापुढच्या एका कुटुंबाला विमानतळावर डबा टाकून द्यावा लागला आणि त्या आजींच्या डोळ्यांत पाणी आले होते.

चारभिंती (सातारा)
१४ एप्रिल

माचीपेठकर, आपण सातारचे आहात आणि आपल्या मातोश्रींनी चौथीचा इतिहास शिकवला आहे, हे वाचल्यावर राहवले नाही म्हणून सविस्तर लिहितो. लंडनमध्ये सातारकराने जाऊन उभे राहावे अशी एक जागा आहे आणि ती कोणत्याही सहल कंपनीच्या यादीत नसते.

ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय लेडनहॉल रस्त्यावर होते. १८३९ साली कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते समुद्रमार्गे इंग्लंडला गेले. १८४० ते १८५३ एवढा काळ ते लंडनमध्ये राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांनी सातारचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा केला, इंग्रजीतून पत्रके छापून वाटली, पार्लमेंटमधल्या सभासदांना गाठले आणि जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखी माणसे आपल्या बाजूला वळवली. त्या काळी मुंबईचे पत्र सुएझच्या वाटेने लंडनला पोचायला महिना-दीड महिना लागत असे. ते तिथे असतानाच १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीला वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा केले. ज्यांच्यासाठी ते गेले ते महाराज राहिले नाहीत, ज्यासाठी गेले ते राज्य राहिले नाही, तरीही हा माणूस आणखी पाच वर्षे त्या शहरात दारोदार फिरत होता. परत आल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत त्यांनी भाग घेतला. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली, ते स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. आपण संध्याकाळी फिरायला ज्या चार भिंतींच्या टेकडीवर जातो, तिथले हुतात्मा स्मारक या माणसांचे आहे.

कंपनीची ती इमारत १८६१ मध्ये पाडली गेली. आज त्या जागी लॉइड्स या विमा बाजाराची पोलाद आणि काचेची इमारत उभी आहे. ती १९८६ साली पूर्ण झाली आणि तिचे नळ, जिने, लिफ्ट हे सगळे बाहेरच्या अंगाला आहे. चित्रे काढणाऱ्या मुलीला ती नक्की आवडेल. जागेवर सातारचे नाव कुठेही लिहिलेले नाही, पण लाइम रस्ता आणि लेडनहॉल रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर उभे राहिले की आपण नेमके कुठे आहोत हे आपल्याला ठाऊक असते. शेजारीच लेडनहॉल मार्केट हा छत असलेला जुना बाजार आहे. त्याचे लोखंड-काचेचे छत १८८१ चे आहे. शनिवार-रविवारी तो भाग ओस पडतो, आपला दिवस शुक्रवार आहे हे उत्तमच.

दुसरी जागा प्रिमरोझ हिलजवळची, १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना त्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केले. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या ज्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली, त्या शाळेवरून आपली मुलगी रोज जात असेल. तो मुलगा वीस-बावीस वर्षांनी ज्या खोलीत बसून अभ्यास करत होता ती खोली तिने पाहावी, असे मला मनापासून वाटते. उघडण्याच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्या.

तिसरी गोष्ट व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात जी वाघनखे आली ती तिथलीच, १८१८ ते १८२२ या काळात सातारचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफच्या वंशजाने दिलेली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते, आणि मुलांना हेही सांगितले पाहिजे. शुक्रवारी हे संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडे असते.

कृष्णाकाठ (सांगली)
१४ एप्रिल

चारभिंती यांनी दिलेली माहिती मोलाची आहे. रंगो बापूजींविषयी मला एवढे ठाऊक नव्हते, आणि चार महिने राहूनही मी त्या कोपऱ्यावर गेलो नाही याची आता रुखरुख लागली. परंतु एक गोष्ट आग्रहाने मांडतो. लेडनहॉल शहराच्या पूर्वेला आहे, किंग हेन्रीज रोड वायव्येला आहे, संग्रहालय पश्चिमेला आहे आणि नदी या सगळ्यांच्या दक्षिणेला आहे. ही चार ठिकाणे एका दिवसात केली तर ती सिंगापूरचीच यादी होईल, फक्त नावे वेगळी. प्रश्न विचारणाऱ्यांनी आईंचे ते वाक्य मुद्दाम लिहिले आहे, ते आपण विसरू नये.

चारभिंती (सातारा)
१५ एप्रिल

आपले म्हणणे योग्य आहे. लिहिण्याच्या ओघात मी तीन दिवसांचे काम एका दिवसावर टाकले. यांतले एकच निवडायचे झाले तर लेडनहॉल निवडावे, कारण तिथे तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, जिने नाहीत, आणि पंधरा क्रमांकाच्या बसने मॉन्युमेंटच्या थांब्यावर उतरले की ग्रेसचर्च रस्त्याने सात-आठ मिनिटांत तिथे पोचता येते. तिथून नदीही लांब नाही.

माचीपेठकर (सातारा)
१६ एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. रंगो बापूजींचा मजकूर तिने पुन्हा एकदा वाचायला सांगितला. आमचा बेत असा ठरला आहे : सकाळी नऊ क्रमांकाची बस, मग पंधरा क्रमांकाची, लेडनहॉल, त्यानंतर नदी, आणि ताकद राहिली तर संध्याकाळी परतताना वाटेवरचे संग्रहालय. आंबेडकरांच्या घराची खंत राहील, पण आई म्हणाली की सगळे एकाच फेरीत पाहायला हवे असे नाही. परत आल्यावर कसे झाले ते कळवीन.

माचीपेठकर (सातारा)
९ जून

परत येऊन आठ दिवस झाले. सांगितल्याप्रमाणे लिहितो आहे.

त्या शुक्रवारी गटातली बस साडेआठला खरेदीसाठी निघून गेली आणि आम्ही मुद्दाम सावकाश न्याहारी करून दहाला बाहेर पडलो. नऊ क्रमांकाच्या बसमध्ये मुलगी आणि पत्नी वर, आई आणि मी खाली. ताईंनी सांगितले होते तसेच, चालकाने आईला पाहून बस फुटपाथच्या अगदी जवळ घेतली आणि ती बसेपर्यंत गाडी हलवली नाही. ट्रफाल्गर चौकात उतरल्यावर पंधरा क्रमांकाचा थांबा सापडायला वेळ लागला. मी अडखळत विचारले तर एक वयस्कर गृहस्थ आमच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत आले.

ग्रेसचर्च रस्त्यावरून बाजारात शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वर तांबडे-हिरवे रंगवलेले लोखंडी छत, खाली दगडी फरसबंदी, आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेली कचेरीतली माणसे उभ्या-उभ्या बोलत होती. त्या बाजारातून लाइम रस्त्यावर बाहेर पडले की ती लॉइड्सची इमारत एकदम अंगावर येते. मुलगी तिथेच वही काढून एका कठड्यावर बसली. बाहेरच्या अंगाने वर-खाली जाणाऱ्या काचेच्या लिफ्ट तिला इतक्या आवडल्या की पाऊण तास ती हलली नाही.

आईला मी कोपऱ्यावर घेऊन गेलो आणि म्हणालो, “आई, कंपनीची कचेरी इथे होती.” ती काही वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, अगदी वर्गात विचारत असेल तसे. रंगो बापूजी इथे आले तेव्हा त्यांचे वय काय असेल, त्यांच्याबरोबर आपले कोण होते, इथल्या थंडीत ते काय पांघरत असतील, आणि महाराज वारल्याची बातमी त्यांना किती दिवसांनी कळली असेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिले : “दीड महिना म्हणजे, ती बातमी येईपर्यंत हा माणूस गेलेल्या माणसासाठीच भांडत होता की रे.” मी हे पन्नासदा वाचले होते, पण असे माझ्या मनात आले नव्हते. तिने पायातल्या चपला काढल्या आणि त्या फुटपाथवर उभी राहून हात जोडले. आजूबाजूने लोक घाईने जात होते, कोणी वळून पाहिले नाही. तिथे आम्ही एकंदर दीड तास होतो.

तिथून बसने मागे सेंट पॉलपर्यंत आलो. त्या चर्चच्या भोवतीच्या बागेत बाकांवर बसून सँडविच आणि भडंग खाल्ली. बाकावर पितळेची छोटी पट्टी होती, त्यावर एका बाईचे नाव आणि तिला ही बाग फार आवडत असे, एवढेच कोरलेले. आईने ती वाचायला लावली आणि पट्टीवर पाठ टेकू नये म्हणून ती थोडी सरकून बसली.

पायी जाण्याच्या पुलावरून पलीकडे टेट मॉडर्नपाशी पोचलो तेव्हा अडीच झाले असतील. कृष्णाकाठ, आपण सांगितल्याप्रमाणे वेळापत्रक पाहून ठेवले होते आणि त्या दिवशी ओहोटी दीडच्या सुमारास होती. भिंतीवरून खाली पाहिले तर ओला वाळूचा पट्टा, त्यावर काळपट गोटे, विटांचे झिजून गोल झालेले तुकडे, आणि काठाच्या पायऱ्यांची रांग खालपर्यंत उघडी. खालच्या पायऱ्यांवर हिरवे शेवाळ होते, वरच्या कोरड्या होत्या. मुलीने भिंतीवरून मोजल्या, एकोणीस भरल्या. तिने त्या वहीत काढल्या आणि शेजारी वेळ लिहिली.

मग आम्ही कुठेही गेलो नाही. पत्नी आणि मुलगी मधे तासभर टेटमध्ये जाऊन आल्या, आई आणि मी बाकावरच होतो. आईने मला माझ्या आजोबांच्या दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी आजवर कधी ऐकल्या नव्हत्या. साताऱ्यात एकाच घरात राहून त्यासाठी कधी वेळ झाला नव्हता. चार वाजता चहा, पाचला पुन्हा भडंग. साडेपाचला मी संग्रहालयाचा विषय काढला. बस धरली असती तर जमले असते, ते दहापर्यंत उघडे होते. आई म्हणाली, “वाघनखे आपण आपल्या गावात पाहिली, रांगेत उभे राहून. आता इथेच बसू या.” मुलीनेही मान हलवली, कारण तिला पायऱ्या पाहायच्या होत्या.

त्या भागात मेअखेरीस रात्री नऊपर्यंत उजेड असतो, हे आम्हाला नवीन होते. पाणी चढताना दिसत नाही. टक लावून पाहिले तर नदी आहे तशीच वाटते आणि बोलण्यात गुंगून पुन्हा पाहिले की एक पायरी गेलेली असते. मुलगी दर अर्ध्या तासाने वहीत एक आडवी रेघ मारत होती. सात वाजता वाळूचा पट्टा कुठेच नव्हता, पाणी भिंतीला लागून चुळुक चुळुक वाजत होते, आणि एकोणीसपैकी चारच पायऱ्या उरल्या होत्या. आई स्वतः उठून भिंतीपाशी गेली आणि तिने त्या चार मोजून पाहिल्या.

चारभिंती, तिचा आपल्यासाठी एक निरोप आहे. पाऊस थोडा उघडला की तिला चार भिंतींवर जायचे आहे. रिक्षा वरपर्यंत जाते का, आणि शेवटचा चढ किती आहे, तेवढे कळवावे.